गळ टाकण्याआधी: महाराष्ट्रातील हौशी मासेमारांसाठी कायदा, हंगाम आणि रीत

गळाची काठी घेऊन डोहाच्या काठी बसलेल्या माणसाला आपल्याकडे कोणी शिकारी म्हणत नाही. तरीही महाराष्ट्रात सर्वसामान्य माणसाला कायद्याच्या चौकटीत राहून करता येण्याजोगी जी शिकार आज उरली आहे, ती बहुतांशी हीच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात सुरुवातीला काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकण्यात आली आणि हौसेखातर बंदूक घेऊन रानात जाण्याचा मार्ग बंद झाला. या कायद्यातील शिकारीची व्याख्या व्यापक आहे. प्राण्याला मारणे एवढाच तिचा अर्थ नाही. पकडणे, फास लावणे, विष घालणे, आमिष ठेवणे, हाकून काढणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच ठरते. म्हणून सशासाठी वाघूर लावणे किंवा तितरासाठी फासे मांडणे हे गावात पूर्वापार चालत आले असले, तरी तो गुन्हा आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराचा बंदोबस्त करायचा असल्यास त्याच कायद्याच्या कलम ११ खाली वनविभागाची परवानगी घ्यावी लागते. ती शेतकऱ्याच्या नुकसानीपुरती असते, हौसेसाठी नसते.

कोल्हापूर संस्थानात पाळलेले चित्ते काळविटांवर सोडून शिकार होत असे आणि त्या कामासाठी चित्तेवानांची घराणी सांभाळली जात. दाजीपूरचे जंगल कोल्हापूरच्या महाराजांचे आणि मुरूडजवळचे फणसाड जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे राखीव रान होते. आज दोन्ही ठिकाणी अभयारण्ये आहेत. दरबारी शिकार थांबली हे योग्यच झाले, असे माझे मत आहे. मात्र फास लावून शिकार करण्यावर जगणाऱ्या फासेपारध्यांचा विचार केल्यावाचून हा विषय पुढे नेऊ नये. इंग्रजांच्या काळात लागलेला गुन्हेगार जमातीचा शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, आणि त्यानंतर वीस वर्षांनी ज्या कसबावर त्यांचे पोट चालत होते ते कसबच बेकायदा ठरले. वन्यजीव वाचवताना त्यांच्या हाताला दुसरे काम देण्याची जबाबदारी समाजाने तेवढ्या तत्परतेने उचलली नाही. आपण सुटीच्या दिवशी मन रमवायला पाण्याकाठी जातो; त्याच पाण्यावर पोट असलेली माणसे शेजारी असतात, हे पुढील सर्व सूचनांमागील मुख्य भान आहे.

पाणी कोणाचे, हे आधी विचारावे

नवखा माणूस पहिल्यांदा काठी आणि रीळ विकत घेतो. त्याने खरे तर आधी पाण्याचा मालक शोधावा. राज्यातील बहुतेक धरणांचे जलाशय आणि अनेक मोठे तलाव मत्स्यव्यवसाय विभागाकडून मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. संस्था त्यात मत्स्यबीज सोडते, बोटुकली वाढवते आणि कटला, रोहू, मृगळ यांच्या उत्पन्नावर तिच्या सभासदांची घरे चालतात. अशा पाण्यात न विचारता गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरणे होय. गावात संस्थेचे अध्यक्ष किंवा सचिव सहज भेटतात; त्यांना भेटून परवानगी मागावी, ठरेल ते शुल्क द्यावे आणि शक्य असल्यास पावती घ्यावी. ठेका कोणाकडे आहे हे कळत नसेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणी मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात त्याची नोंद मिळते. शेततळे खाजगी मालकीचे असते, त्यामुळे तेथे शेतकऱ्याचा शब्द अखेरचा. पाणीपुरवठ्याच्या तलावांवर तर सुरक्षेचे वेगळे निर्बंध असतात.

दुसरी चौकशी वनविभागाकडे करावी. पैठणचा नाथसागर, नांदूरमध्यमेश्वर, कोयनेचा शिवसागर आणि तानसा ही पाणी साठवणारी ठिकाणे अभयारण्यांशी जोडलेली आहेत. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि ठाण्याच्या खाडीचा काही भाग २०१५ पासून रोहित पक्ष्यांसाठी राखलेला आहे. अभयारण्याची हद्द पाण्यावर रेघ मारून दाखवलेली नसते. त्यामुळे काठावरचा फलक दिसला नाही ही सबब उपयोगी पडत नाही, आणि स्थानिक मच्छीमारांना तेथे पूर्वापार हक्क असले तरी ते पाहुण्याला आपोआप लागू होत नाहीत.

आदिवासी भागात आणखी एक दार ठोठावावे लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनात राहणाऱ्या समाजांचा पाण्यातील मासे व इतर उत्पन्नावरचा सामूहिक हक्क मान्य केला आणि त्याच कायद्याने वन्यप्राण्यांच्या शिकारीचा पारंपरिक हक्क स्पष्टपणे वगळला. अनुसूचित क्षेत्रातील लहान जलसाठ्यांच्या व्यवस्थापनात पेसा कायद्यामुळे, म्हणजे अशा क्षेत्रांतील पंचायतींसाठीच्या कायद्यामुळे, ग्रामपातळीवरील संस्थांना अधिकार आहे. म्हणून अशा गावातील डोहावर जाण्यापूर्वी ग्रामसभेच्या जाणत्या माणसांशी बोलावे. त्यांनी नकार दिला, तर तो मुकाट्याने मान्य करावा.

काही ठिकाणी विचारण्याचाही प्रश्न येत नाही. महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंडीत आणि वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे येथे देवाच्या नावाने राखलेले मासे आहेत. लोक त्यांना चुरमुरे, लाह्या घालतात, धरत मात्र नाहीत. कोणत्याही सरकारी अधिसूचनेची वाट न पाहता गावाने राखलेला असा डोह म्हणजे माशांचे बियाणे सांभाळणारी कणगी आहे. तेथे काठीची पिशवी उघडूसुद्धा नये.

समुद्र: बंदीचा काळ आणि भरतीचे गणित

किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते आणि तिचे नियमन १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम करतो. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती करून दंड वाढवण्यात आले. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना राज्याच्या हद्दीत मासेमारी करता येत नाही. गोव्यातही हाच काळ पाळला जातो. कोळी समाजाची रीत याहून जुनी आहे: पावसाळा लागताना होड्या किनाऱ्यावर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केल्यावरच पुन्हा पाण्यात लोटायच्या. कायद्याची मुदत ३१ जुलैला संपते आणि नारळी पौर्णिमा अनेकदा ऑगस्टमध्ये येते, त्यामुळे बंदी पौर्णिमेपर्यंत असावी अशी मागणी मच्छीमारांकडून वारंवार होते. मला ती रास्त वाटते. हौशी माणसाने भाड्याची यांत्रिक होडी घेऊन या काळात बाहेर पडणे बेकायदा तर आहेच, शिवाय जिवावरचेही आहे. खडकावर किंवा धक्क्यावर उभे राहून गरवणाऱ्यानेही (गळाने मासे धरणाऱ्यानेही) जून-जुलैत उघडा समुद्र टाळून खाडीचा आतला, शांत भाग निवडावा.

खाडीत कधी जावे, हे कोकणात पंचांगावरून ठरते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता आणि एकादशीला सव्वाआठला भरती पुरी होते. पौर्णिमा-अमावास्येला ती बाराच्या सुमारास येते. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत हेच गणित चालते, दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी येते, आणि खाडीत जितके आत जावे तितका उशीर धरावा लागतो. शेवटे, बोय, तांबोशी, जिताडा हे मासे भरतीच्या पाण्याबरोबर आत येतात आणि ओहोटी लागताच मुखाकडे परततात. म्हणून भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटीचा पहिला तास एवढीच वेळ नवख्याने धरावी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाण्याचा ओढ इतका असतो की शिसे तळाला टिकत नाही. अष्टमीच्या आसपासच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, पाणी मंद असते, त्यामुळे शिकण्यासाठी तेच दिवस बरे.

चढणीचे मासे

मृग नक्षत्राचा पहिला जोरदार पाऊस पडला की ओढे लाल पाण्याने भरून येतात आणि नदीतले मासे प्रवाहाच्या उलट, वर चढू लागतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर याला चढणीचे मासे म्हणतात, रायगड-ठाण्याकडे वलगण. त्या दोन-चार रात्री बत्ती, कोयता, टोपली घेऊन सारे गाव ओढ्यावर उतरते. ज्याने लहानपणी ती धांदल पाहिली आहे त्याच्या मनातून ती जात नाही. परंतु हे मासे वर चढतात ते अंडी घालण्यासाठी. पोटात गाबोळी भरलेली मादी उथळ पाण्यात, भातखाचरात पोचली तरच पुढच्या वर्षी नदीत मासे दिसतात. पूर्वी थोडी माणसे आणि थोडी साधने असल्यामुळे पुष्कळ मासे निसटून वर जात. आता ओढ्याच्या तोंडावर या काठापासून त्या काठापर्यंत बारीक आसाचे नायलॉनचे जाळे लावले, तर एकही मासा वर जात नाही.

ज्यांच्या वर्षभराच्या खाण्यात या चार दिवसांना मोल आहे त्या कातकरी, ठाकर कुटुंबांना शहरातून आलेल्या माणसाने उपदेश करू नये. स्वतःपुरते मात्र नियम बांधून घ्यावेत. ओढ्याची निम्मी रुंदी मोकळी राहील असेच साधन मांडावे. चढत्या माशाला हात लावू नये. पाणी ओसरताना परत उतरणारे मासे धरावेत, कारण त्यांतील बहुतेकांचे अंडी घालून झालेले असते. एका घराला एका वेळेस पुरेल एवढेच घ्यावे. पोट फुगलेली मादी हाती आली तर ती वरच्या अंगाला, चढणीच्या पलीकडे नेऊन सोडावी. आणि पावसाच्या पहिल्या दोन रात्री नुसते पाहायला जावे, असे मी आवर्जून सुचवेन. लाल पाण्यातून दगडावर उडी घेणारा मासा बत्तीच्या उजेडात पाहणे हा धरण्याइतकाच मोठा आनंद आहे.

विष, सुरुंग आणि विजेचा शॉक यांना कोणत्याही ऋतूत क्षमा नाही. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमापासून सुरुंग लावून आणि पाण्यात विष कालवून मासे मारणे हा गुन्हा आहे. गेळफळ किंवा रामेठा कुटून डोहात घालण्याची जुनी पद्धत होती, पण तिचे समर्थन आज करता येत नाही. आणि ब्लीचिंग पावडर ओतणारा माणूस तर डोहातील पिल्ले, खेकडे, किडे आणि खालच्या गावाचे पिण्याचे पाणी एकाच वेळी नासवतो. असे करताना कोणी दिसल्यास तेथे भांडण न काढता पोलीस पाटील किंवा मत्स्यव्यवसाय विभागाला कळवावे.

साधन आणि आमिष

सुरुवातीला महागडी काठी लागत नाही. सरळ, वाळलेली चिव्याची काठी, तिच्याहून थोडा लांब तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा), मोराच्या पिसाच्या देठाचा किंवा थर्माकोलचा तरंगता तुकडा, चिमूटभर शिसे आणि लहान गळ एवढ्यावर नदीतले बहुतेक मासे लागतात. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा. त्याने काही मासे सुटतील, पण ज्याला परत सोडायचे आहे त्याचा जबडा फाटणार नाही आणि आपल्या बोटात गळ घुसला तर तोही सहज निघेल. गांडुळाला, ज्याला साताऱ्या-सांगलीकडे काडू म्हणतात, मरळ, वाम, शिंगटा हे मासे येतात. कणकेच्या घट्ट गोळीत थोडी हळद आणि हिंग मळले की रोहू, मृगळ, चिलापी यांना तिचा वास लागतो. खाडीत जिवंत कोळंबीला तोड नाही. ती शेपटीच्या टोकाशी ओवावी, म्हणजे बराच वेळ हालती राहते. जिवंत मासा आमिष म्हणून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात कधीही नेऊ नये. उजनीत चिलापीने स्थानिक माशांची जागा कशी व्यापली हे भीमाकाठच्या कोणाही मच्छीमाराला विचारावे. घरातील काचपेटीत मोठा झालेला परदेशी मासा नदीत सोडणे हाही तसाच अपराध होय.

काय ठेवावे आणि काय सोडावे

२०२३ मध्ये राज्याने ५४ सागरी जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली. ज्या पापलेटला त्याच वर्षी राज्यमासा घोषित करण्यात आले, त्याची मर्यादा १३५ मिलिमीटर आहे. हौशी माणसाने त्या यादीची प्रत मत्स्यव्यवसाय विभागातून घ्यावी आणि काठीवर दोऱ्याने माप बांधून ठेवावे. गोड्या पाण्यात माझा साधा नियम असा की, वितीपेक्षा लहान रोहू-कटला परत जातो आणि त्या पाण्यातला सर्वात मोठा माशाचा नगही परत जातो, कारण मोठी मादी सर्वाधिक अंडी देते.

महाशीर मात्र लहान असो वा मोठा, सोडूनच द्यावा. दख्खनचा महाशीर, ज्याचे शास्त्रीय नाव टॉर खुद्री आहे, त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन विल्यम साईक्स या अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून केले. ज्या नदीने हा मासा शास्त्राला दिला, तिच्या शहरातील पात्रात आज कोणते पाणी वाहते हे पुणेकरांना सांगायला नको. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महाशिराचे कृत्रिम प्रजनन करून लाखो पिल्ले ठिकठिकाणी पोचवली, पण पिल्ले सोडून नदी दुरुस्त होत नाही. वाहते, थंड, गोट्यांच्या तळाचे पाणी लागते.

मासा सोडण्याचीही रीत आहे, आणि ती मी एका चुकीतून शिकलो. मे महिन्याच्या भर दुपारी धरलेला महाशीर छायाचित्रासाठी दोन-तीन मिनिटे कोरड्या हातांत उभा धरला आणि मग पाण्यात ठेवला. तो उलटा झाला आणि पुन्हा सरळ झालाच नाही. तेव्हापासून एप्रिल-मे महिन्यांत मी महाशिराच्या पाण्यावर जात नाही. हात आधी ओले करावेत, म्हणजे माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. मासा पाण्यातच ठेवून गळ काढावा, उचललाच तर पोटाखाली आधार देऊन आडवा धरावा, आणि आपण श्वास रोखून धरू शकतो तेवढाच वेळ बाहेर ठेवावा. मग तोंड प्रवाहाकडे करून त्याला हलकेच धरून राहावे. कल्ले नियमित उघडझाप करू लागले की तो स्वतःच हात सोडवून जातो. गळ घशात खोल गेला असेल तर ओढू नये, तंगूस तोंडाजवळ कापावा.

कासव लागले तर हेच करावे. त्याला घरी नेणे हा वन्यजीव कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे. २००१ पासून संरक्षित असलेला देवमुशी (व्हेल शार्क), समुद्री घोडा आणि करवतीसारख्या तोंडाचा मासा यांनाही तोच नियम लागू होतो. त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील, म्हणजे सर्वाधिक संरक्षण दिलेल्या, प्राण्याच्या बाबतीत किमान तीन वर्षांची कैद सांगितलेली आहे. जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने २०१८ च्या अखेरीस आणली. शिक्षेच्या धाकापेक्षा अशी मदत किनाऱ्यावर अधिक काम करते, असा माझा विश्वास आहे.

स्वतःचा जीव

सांगलीच्या आसपासची कृष्णा आणि चिपळूणची वाशिष्ठी येथे मगरी आहेत. अशा काठावर पाण्यात पाय सोडून बसू नये, मासे साफ करून आतडी तेथेच टाकू नयेत आणि अंधारात एकटे थांबू नये. शिंगाळ्याच्या पाठीवरचा व बाजूचा काटा विषारी असतो. तो टोचल्यास जखम धुऊन, सोसवेल एवढ्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवावी आणि काटा तुटून आत राहिला असल्यास दवाखाना गाठावा. पावसाळ्यात पायाला जखम असताना खाचरात किंवा ओढ्यात उतरणे लेप्टोला (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या रोगाला) आमंत्रण देते. त्यानंतर ताप आला तर डॉक्टरांना आपण पाण्यात उतरलो होतो हे आवर्जून सांगावे. खडकावर गरवताना पाठ समुद्राकडे करू नये, आणि धरणाखालच्या पात्रात उतरण्यापूर्वी पाणी केव्हा सोडणार आहेत याची चौकशी करावी, कारण भोंगा वाजल्यानंतर काठ गाठायला वेळ पुरतोच असे नाही.

निघताना तुटलेला तंगूस शोधून गोळा करावा. काठावरच्या झुडपात अडकलेल्या वावभर तंगुसात ढोकरी किंवा खंड्या पाय गुंतून लटकलेला मी पाहिला आहे. तो गुंडाळून खिशात ठेवावा, घरी आल्यावर कात्रीने बोटभर तुकडे करावेत आणि मगच कचऱ्यात टाकावा.